गुंजभर गुळांबा

शेठची जुनी पँट अजून माझ्या घरात खुंटीला आहे. आमच्या वजन उतरवायच्या मंडळात कुणी नवा माणूस आला की तिच्या एका पायात मी उतरतो, दुसऱ्या पायात फौजेतला सुभेदार उतरतो, आणि तरीही मधे एखादी शेळी बसेल एवढी जागा राहते. शेठ एकशे चौदा किलोचा होता तेव्हाची ती पँट. मी त्याला बघितला तेव्हा तो बहात्तर किलोचा झाला होता, पण घालायचा तीच, कमरेला सुतळी आवळून. चालायला लागला की तंबू चालल्यासारखा दिसायचा.

"आवं शेठ, नवी शिवून घ्या की," असं म्हटलं तर म्हणायचा, "नवी घातली तर तुमाला खरं कसं वाटायचं?"

माणूस मूळचा विट्याकडचा. तिकडची माणसं मुलूखभर सोनं गाळायची दुकानं घालून बसलेली असतात. शेठनं तीस वर्षं मदुराईला लोकांचे मोडके दागिने वितळवून चोख सोनं काढलं. मग दुकान पोराच्या हवाली केलं आणि इथं उंब्रजला, लेक दिलेल्या गावात, हायवेच्या कडेला घर बांधून राहिला. धंदा सुटला पण डोळा सुटला नाही. माणूस समोर आला की शेठ मनातल्या मनात कस लावायचा. सुभेदार अठरा क्यारेट. गिरणीवाली अक्का वीस. मला पहिल्या दिवशी खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "नऊ. बाकी समदं तांबं."

तो आला होता माझा काटा मागायला. मी गुळव्या. म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीतला रस शिजून गूळ कधी झाला, हे सांगणारा माणूस. चाळीस वर्षं तेवढं एकच काम केलं. गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा गुळाच्या ढेपा जोखायचा लोखंडी काटा मालकानं मला देऊन टाकला. तो पडवीत पडून होता, त्यावर मांजर झोपायचं.

"गुळवे, काटा द्या," शेठ म्हणाला. "माणसं जोखायची हायती."

"किती माणसं?"

"तुमी धरून चार."

"मी कशाला?"

त्यानं माझ्या पायाकडं बघितलं. डाव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. चप्पल लागून झालेली जखम, तीन महिने झाले तरी मिटत नव्हती. मला साखरेचा आजार. कराडचा डॉक्टर म्हणाला होता, आजोबा, साखर अशीच राहिली तर हे बोट काढावं लागेल. मी त्याला म्हणालो होतो, काढा, नऊ उरतात. तेव्हा माझं बोलणं असंच होतं. बायको श्रावणात गेली. पोरगा पुण्याला. सकाळी चहा आणि शिळी भाकरी, दुपारी भाकरी आणि गूळ, संध्याकाळी जे उरलं ते. शहाण्णव किलो झालो होतो. माणूस दुःखानं वाळतो म्हणतात. मी फुगलो.

काटा दिला. काट्याबरोबर मीही गेलो.

गावानं आमचं नाव ठेवलं बिनभाकरी मंडळ. रोज सकाळी सात वाजता माझ्याच पडवीत बसायचो. नियम सोपे. भाकरी नाही, चपाती नाही, भात नाही, बटाटा नाही, साखर नाही. अंडी खा, मटण खा, पालेभाजी पातेलंभर खा, शेंगदाणे मूठभर खा, ताक प्या. रस्सा वाटीनं प्यायचा, त्यात बुडवायला काही मागायचं नाही. सुरुवात करण्याआधी शेठनं मला डॉक्टरपुढं नेऊन बसवलं आणि स्वतःच विचारलं, "ह्येला भाकरी बंद केली तर मरंल का?" डॉक्टर हसला. म्हणाला, मरणार नाही, पण मला न विचारता गोळ्या कमीजास्त करायच्या नाहीत आणि आठवड्याला रक्त तपासायचं. शेठनं ते माझ्या चपलेवर पेनानं लिहिलं. म्हणाला, "कागूद हरवशील, चप्पल हरवणार न्हाईस."

त्या दिवसापासून त्यानं मला अरेतुरे सुरू केलं. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. पण जोखलेल्या मालाला कोण अहोजाहो करतं?

वजन तो किलोत सांगायचा नाही. पडलेला खडू उचलून भिंतीवर काहीतरी मांडायचा, तमिळमधे पुटपुटायचा आणि मग मोठ्यानं म्हणायचा, "सुभेदार, ह्या हप्त्याला पाऊणशे तोळं उतरला!" पाऊणशे तोळं ऐकून माणसाची छाती फुगायची. किलो म्हटलं असतं तर एकसुद्धा भरत नव्हता. वर म्हणायचा, "एवढं सोनं घरात असतं तर दरोडा पडला असता. चरबी कुणी चोरून न्हेत न्हाई गड्या, ती आपली आपल्यालाच जाळाय लागती."

पहिल्या महिन्यात मंडळात सगळे उतरले आणि मी चढलो. शेठ काट्याभोवती फिरला, काटा हलवून बघितला, मांजर कुठं आहे ते बघितलं.

"काय खातोस?"

"तुमी सांगितलं तेच."

"च्या?"

"बिनसाखरेचा."

"कोरा?"

"न्हाई. गुळाचा."

शेठ काट्यावरच बसला. "आरं, गूळ म्हंजी साखरच की!"

मी चिडलो. चाळीस वर्षं मी गूळ केला. साखर कारखान्यात होते, चिमणीतनं धूर येतो. गूळ मी या हातानं केला, चुन्याच्या निवळीनं, भेंडीच्या रसानं मळी काढून. त्या दोघांना एका पंगतीत बसवणारा हा सोनार कोण? मी म्हणालो, "साखर बंद म्हणला हुता. गूळ बंद म्हणल्यालं कवा ऐकलं मी?"

अक्का हसून हसून खांबाला टेकली. तिनं तरी हसू नये. गावातली पिठाची गिरणी तिची, दिवसभर पिठात उभी असायची आणि पीठच खायचं नव्हतं. शेठनं तिला तोंडाला फडकं बांधायला लावलं होतं, का तर पीठ नाकातनं आत जातं. अक्का म्हणायची, "आवं शेठ, नाकातनं भाकरी हुती का?" तो म्हणायचा, "खात्री न्हाई, पर जोखीम कशाला?"

मंडळाचा सगळ्यात मोठा नियम फोनचा होता. खावंसं वाटलं की आधी शेठला फोन करायचा. खाल्ल्यावर केलेला फोन तो घ्यायचा नाही. अक्कानं एकदा दुपारी फोन केला. "शेठ, पोहं खाऊ वाटाय लागल्यात." शेठ म्हणाला, "फोन धरून ऱ्हा." आणि त्यानं मदुराईची गोष्ट सुरू केली, की एका म्हातारीची नथ वितळवताना त्यातनं काय निघालं. गोष्ट पाऊण तास चालली. नथ मुशीत गेली, मूस भट्टीत गेली, भट्टीचा कोळसा कुठनं आणला ते झालं, कोळसेवाल्याच्या भावकीचं भांडण झालं. अक्का सांगायची, शेवटी मला पोहे नकोत, भूक नको, काहीच नको असं झालं. नथीतनं काय निघालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. आम्ही वजनं उतरवली ती निम्मी शेठच्या गोष्टींच्या भीतीनं.

पण सकाळी सहाला तो स्वतः फोन करायचा. रोज, सगळ्यांना. नमस्कार नाही, बरं आहे का नाही. एकदम म्हणायचा, "काल रातच्याला काय खाल्लंस?"

पहिल्यांदा तो फोन आला तेव्हा मला बोलता येईना. बायको गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. शेठला वाटलं मी काहीतरी लपवतो आहे. ओरडला, "भात खाल्लास का रं?"

"न्हाई, न्हाई," मी म्हणालो. "मेथी खाल्ली. दोन अंडी खाल्ली."

"मग रडतोस कशाला? अंडी नासकी हुती का?"

गूळ सुटला तसा मी उतरायला लागलो. तीन महिन्यांत नव्वदवर आलो. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. डॉक्टर म्हणाला, अशीच साखर खाली येत राहिली तर बोट वाचेल. शेठनं मला नवावरून चौदा क्यारेटवर चढवलं आणि मंडळाला अर्धं अर्धं उकडलेलं अंडं वाटलं.

मग सगळं थांबलं. एक हप्ता, दोन हप्ते, चार. काटा नव्वदवरून हलेना. रक्तातली साखर परत वर सरकली. डॉक्टरनं या वेळी आजोबा म्हटलं नाही, कागदाकडं बघत म्हणाला, अजून एक महिना बघू, मग निर्णय घ्यावा लागेल.

शेठ मला काही बोलला नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की धाड पडणार.

धाड म्हणजे काय ते सांगतो. कुणाचं वजन अडलं की रविवारी सगळं मंडळ त्याच्या स्वयंपाकघरात घुसायचं. डबे उघडायचे. पिठाचा डबा सापडला तर जप्त, तो अक्का घेऊन जायची. सुभेदाराच्या घरी धाड पडली तेव्हा डबे स्वच्छ निघाले. सुभेदार दारात ताठ उभा, छाती पुढं. शेठनं त्याची फौजेतली ट्रंक उघडायला लावली. वर गणवेश, गणवेशाखाली मेडलं, मेडलांखाली दोन किलो फरसाण. सुभेदार म्हणाला, "साहेब, इमर्जन्सी राशन हाय ते." शेठ म्हणाला, "आता युद्ध संपलं." आणि फरसाण शेजारच्या लग्नघरी पोहोचतं झालं.

माझ्या घरी तिघं आले ते सकाळच्या उन्हात. मी बाजूला उभा राहिलो. पीठ नव्हतंच. तांदूळ नव्हते. गुळाचा खडा नव्हता. अक्कानं मांडणीवरचे डबे एकेक करून बघितले आणि म्हणाली, "काय न्हाई शेठ. म्हातारा चोख हाय."

शेठ वरच्या फळीकडं बघत होता. तिथं चिनी मातीच्या दोन बरण्या होत्या, जोडीच्या. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत घेतलेल्या. एक रिकामी होती. दुसरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता.

"ती काढ खाली," शेठ म्हणाला.

"लोणचं हाय त्यात."

"काढ तर."

मी काढली नाही. त्यानंच स्टुलावर चढून काढली, सुतळी सावरत. बरणी ओट्यावर ठेवली आणि गाठीकडं बघत राहिला.

"ही गाठ बाईमाणसाची न्हाई," तो म्हणाला. "ढेपंच्या फडक्याला मारत्यात ती गाठ हाय. तू सोडतोस आन् बांधतोस."

त्यानं फडकं सोडलं. आत गुळांबा होता. आमच्या मागच्या दारच्या आंब्याच्या कैऱ्या आणि मी शेवटच्या हंगामात उतरवलेला गूळ. तिनं वैशाखात केला होता, गेली त्याच्या आधी तीन महिने. करताना म्हणाली होती, यंदा वेलची जास्त पडली, तुमच्या तोंडाला चव यायची. मी म्हणालो होतो, तुझ्या हाताला कुठली आलीय चव. असं आमचं चालायचं. पंचेचाळीस वर्षं चाललं.

"कवापासनं खातोस?" शेठनं विचारलं.

"महिना झाला. दुपारचा एक चमचा."

"फोनवर सांगितलं न्हाईस."

"तुमी विचारत हुता काय खाल्लं. ते खाणं नव्हतं."

"मग काय हुतं?"

आधी आठ-नऊ महिने मी त्या बरणीला हात लावला नव्हता. मग पाय बरा होत चालला, आणि एके दुपारी वाटलं, आपण बरं व्हायला लागलो, ती मागं राहायला लागली. उघडली. वेलची खरंच जास्त होती.

अक्कानं जप्तीसाठी आणलेली पिशवी मिटून पदराखाली धरली. सुभेदार बाहेर बघत होता. मी शेठला म्हणालो, "बोट गेलं तर जाऊ द्या. बरणीला हात लावू नगा."

शेठ माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, तुझ्या गिरणीतला डिजिटल काटा आण."

अक्का रस्ता ओलांडून काटा घेऊन आली. शेठनं भरलेली बरणी जोखली. मग रिकामी बरणी जोखली. जोडीच्या असल्या तरी दोन्ही बरण्या हातात घेऊन त्यांची बुडं तपासली, कुठं टवका उडालाय का बघितलं. एका बरणीच्या काठाला केसाएवढा टवका होता, तो त्यानं हिशेबात धरला. असा माणूस. मग म्हणाला, "सहाशे ग्राम. गुळव्या, किती दिस पुरंल?"

"काय म्हाईत."

"चमच्यानं खाल्लास तर चाळीस दिस. चाळीस दिसांत बाई दुसऱ्यांदा जाईल."

"आवं शेठ!" अक्का ओरडली. "जिभंला काय हाड?"

शेठनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. पँटीच्या खिशात, जिथं दुसरा माणूस मावला असता, तिथनं त्यानं एक चपटी लाकडी पेटी काढली. आत सोनं जोखायचा पितळी तराजू, पारडी रुपयाएवढी. आणि लाल गुंजांची पुडी, काळ्या डोळ्यांच्या. एक गुंज त्यानं एका पारड्यात टाकली. दुसऱ्या पारड्यात काडीच्या टोकानं गुळांबा लावला. इतका की मुंगीनं नाक मुरडावं. तराजू थरथरला आणि सरळ झाला.

"गुंज खायची न्हाई हां, इख हाय त्यात," तो म्हणाला. "ह्ये खायचं. रोज येवढं. एका ग्रामाला आठ पकड. सहाशे ग्रामाला किती?"

सुभेदार म्हणाला, "चार हजार आठशे."

"येवढं दिस. म्हंजी तेरा वर्सं, वर पावणेदोन महिनं." शेठ माझ्याकडं वळला. "वय किती तुझं?"

"एकाहत्तर."

"मग चौऱ्याऐंशीपातूर तुला मरायला सवड न्हाई. बोट कापून घ्यायला तर अजाबात न्हाई, मागनं पाय जातोय. गुळाचं हाय, नासणार न्हाई, ह्ये तू मला सांगायचं, मी तुला न्हाई. वाटून घे, न्हाईतर आत्ता समदं बसून खा. मी अडवत न्हाई."

आणि त्यानं काडी माझ्या हातात दिली.

मी ती जिभेला लावली. चव कळायच्या आधी संपली. पण वेलची आली. वेलची बराच वेळ राहिली.

तराजू आणि गुंजा तो माझ्याकडंच ठेवून गेला. जाताना बरणीवर फडकं त्यानं स्वतः बांधलं आणि ढेपेची गाठ मारायचा प्रयत्न केला. जमली नाही. मी दाखवली.

महिन्यानं डॉक्टरनं फडकं सोडून बघितलं आणि आजोबा म्हणाला. अंगठा आहे. नख वाकडं आलं आहे, पण आहे. मी आता एक्क्याऐंशी किलोवर आहे, किंवा शेठच्या भाषेत, माझ्यातनं निम्मं दुकान उतरलं. त्यानं मला बावीसवर चढवलं. चोवीस का नाही विचारलं, तर म्हणाला, "चोख सोन्याचा डागिना घडत न्हाई. जरा तांबं पाहिजे."

गेल्या दिवाळीनंतर शेठ पडला. खुबा मोडला. पोरगा मदुराईहून गाडी घेऊन आला आणि बापाला घेऊन गेला. गाडीत बसताना शेठनं नवी पँट घातली होती, सुनेनं आणलेली, मापाची. मला त्याला ओळखायला जरा वेळच लागला. जुनी त्यानं गुंडाळून माझ्या हातात दिली. "नव्या माणसाला दाखवत जा," म्हणाला.

आता सकाळी सहाचे फोन मी करतो. अक्काला, सुभेदाराला, आणि शेवटी त्याला.

"शेठ, रातच्याला काय खाल्लं?"

"भाजी."

"कसली भाजी?"

"आरं, हाय कसली तरी."

"शेठ."

मग बारीक आवाजात, "दोन इडल्या."

"तांदळाच्या?"

"सून वाढती गड्या. न्हाई कसं म्हणायचं?"

"फोन धरून ऱ्हावा," मी म्हणतो, आणि काहीलभर रसाची गोष्ट सुरू करतो. ऊस कुठल्या रानातला, चुलवाणाला पाचट किती लागलं, काहिलीला भोक कुणामुळं पडलं. मदुराईतनं कण्हल्याचा आवाज येतो. मी सोडत नाही.

परवा तिचं श्राद्ध झालं. दुपारी तराजू काढला, गुंज टाकली, काडी लावली. मग काय वाटलं कोण जाणे, दुसरी गुंज टाकली. त्या दिवशी दोन गुंजा खाल्ल्या. संध्याकाळी शेठला फोन करून सांगितलं. खाल्ल्यावर केलेला फोन, तरी त्यानं घेतला.

"एक दिस कमी झाला तुझा," म्हणाला.

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरणी खाली काढली. फडक्यावरची धूळ पुसली, गाठ ओढून घट्ट केली आणि न उघडताच परत वर ठेवली.